मिनिटाला वीस

मेलेल्या बाईचा श्वास मिनिटाला वीस. वेळ संध्याकाळचे सहा. धनश्रीने कागद खिडकीकडे धरून पुन्हा वाचला, मग फाइल उलटून शेवटचं पान पाहिलं. मृत्यू दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. परत पुढचा तक्ता. सहाच्या रकान्यात ताप शंभर, नाडी चौऱ्याऐंशी, बीपी एकशे दहा-सत्तर, श्वास वीस. बाई जाऊन एक तास वीस मिनिटं झालेली आणि कागदावर आपली निवांत श्वास घेते आहे. धनश्रीला हसू आलं. येणारच की, रविवारची दुपार, रेकॉर्ड रूममधली धूळ, समोर दोनशे फायलींचा ढीग, त्यात असं काही सापडलं की माणूस हसतोच. "कोण गा हा हुश्शार?" असं ती मोठ्याने म्हणाली आणि सही बघायला कागद आणखी जवळ आणला. 'ध' होता. त्याची शेपटी उजवीकडे लांब ओढलेली, खाली दोन ठिपके. अशी सही त्या अख्ख्या दवाखान्यात एकच पोट्टी करायची. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या वर्षाची रेसिडेंट झाल्याच्या आनंदात, तिने ती वहीवर गिरवून गिरवून बसवली होती. हसू कुठल्या कुठे गेलं. तिने उगाच इकडेतिकडे पाहिलं. रेकॉर्ड रूमचा बाबू टेबलावर डोकं टेकून झोपला होता.

दवाखान्याचं नाव घेण्यात काही अर्थ नाही. नागपुरातला एक मोठा दवाखाना, मेडिसिनचा वॉर्ड, खाटा साठ आणि पेशंट ऐंशी. धनश्री आता तिसऱ्या वर्षाला होती, जूनमध्ये एम.डी.ची परीक्षा. थिसिससाठी तिने क्लिनिकल ऑडिट घेतलं होतं, म्हणजे जे काम आपण रोज करतो म्हणतो ते खरोखर करतो का, हे जुन्या फायली काढून तपासायचं. तिचा विषय साधा होता: पेशंटच्या खाटेला टांगलेला तक्ता दर चार तासांनी भरला जातो की नाही. ताप, नाडी, बीपी, श्वास. तिच्या गाईड डॉ. अरुंधती मॅडम खूश होत्या, कारण निकाल फार सुरेख येत होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव नोंदी पूर्ण. "सरकारी दवाखान्यात अठ्ठ्याण्णव टक्के! लोकांची तोंडं बंद होतील," त्या म्हणाल्या होत्या. आणि अठ्ठ्याण्णव टक्के का येत होते, हे धनश्रीला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतंच. ज्या गोष्टी रोज हाताने करतो त्या डोक्याला कळवायची गरज पडत नाही, एवढंच.

वीसची दीक्षा तिला चेतनने दिली होती. चेतन तिच्या एक वर्ष पुढचा, आता नोकरी करून राहिलेला. पहिल्याच आठवड्यात ती एका म्हाताऱ्याच्या छातीकडे बघत, घड्याळ हातात धरून उभी होती, तर तो मागून आला आणि म्हणाला, "काय करून राहिली वं?" श्वास मोजते म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "ऐंशी पेशंट, एकेक मिनिट. श्वास मोजत बसशीन तं जेवशीन कधी? वीस टाक." वीसच का, हेही त्याने समजावून दिलं. अठरा लिहिलं तर वाटतं कोणीतरी मोजलंय, मग बावीस का नाही असं विचारतात. चोवीस लिहिलं की राउंडला सर थांबतात. वीसवर कोणी थांबत नाही. नाडीला हात लावायचा, बीपी जमलं तर घ्यायचं, श्वास मात्र वीस. पुढे पुढे हात इतका बसला की सकाळी अकराला राउंड संपला की टेबलावर सगळ्या फायली ओढायच्या आणि दहाचं, दोनचं, सहाचं एका बसकणीत भरून टाकायचं. मग ओपीडी, मग सीटी स्कॅनची रांग, मग रक्तपेढी. यात कोणाचं वाईट करायचं नव्हतं. उलट काम वेळेत झालं याचं बरंच वाटायचं. चार हजार एकशे बारा नोंदी तिने आजवर संगणकात चढवल्या होत्या. त्यातल्या तीन हजार नऊशेच्या वर ठिकाणी श्वास वीस होता. इतकी माणसं, म्हातारी, पोरसवदा, दमेकरी, निमोनियाची, सगळी एका तालात श्वास घेत होती आणि ते बघूनही तिने फक्त टक्केवारी काढली होती.

फायलीवर नाव होतं भीमाबाई, वय अडुसष्ट, राहणार मौदा, निमोनिया. चेहरा काही केल्या आठवेना. तिने फाइल मिटली, पिशवीत घातली (घालायची नसते, तरी घातली) आणि स्कूटर काढून घराकडे निघाली. चैताचं ऊन डोक्यावर, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, सदर भागातल्या सिग्नलला गाड्यांच्या मधल्या फटीत ती उभी राहिली आणि कुठल्याशा दुकानातल्या कूलरचा घरघर आवाज कानावर आला. त्याबरोबर सगळं आलं. वॉर्डातला तो मोठा कूलर, त्याच्या ओल्या गवताचा वास, खाटेच्या पायाशी साचलेलं पाणी, आणि त्यात चपला भिजवत उभी असलेली एक मुलगी. तिशीच्या आतली. गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र, मिहानमधल्या कुठल्यातरी कंपनीचं. कामावरून थेट आली असावी. "मॅडम, मायचा श्वास पहा ना जरा. लय भरभर चालून राह्यला." धनश्री तेव्हा घाईत होती. कधी नव्हती? तिने खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही, तक्ता उचलला, बोट ठेवून दाखवलं: "हे पहा. वीस आहे. नॉर्मल आहे." मुलगी शिकलेली. तिने तक्ता नीट वाचला आणि म्हणाली, "हे तं दोनचं आहे, मॅडम. आता दीड वाजून राह्यला."

मागच्या गाडीने हॉर्न दिला, सिग्नल सुटला होता, धनश्री हलली नाही. कारण त्याच्यापुढचं तिला आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं, स्वतःच्या आवाजात. न अडखळता, डोळ्याची पापणी न लववता, तेवीस–चोवीस वर्षांची ती डॉक्टरीण म्हणाली होती: "तुमचं घड्याळ मागे आहे." आणि त्या मुलीने मनगट वर करून घड्याळाकडे पाहिलं, कानाला लावलं आणि म्हणाली, "असंन. सॉरी मॅडम." सॉरी म्हणाली ती. मुलगी सॉरी म्हणाली आणि धनश्री ओपीडीला निघून गेली. संध्याकाळी वॉर्डात परत आली तेव्हा खाट रिकामी होती, गादी उन्हात टाकलेली. चार चाळीसला बाई गेली तेव्हा ड्यूटीवर दुसरं कोणी होतं. रिकाम्या खाटेवर तासाभरात नवा पेशंट आला आणि धनश्रीने त्याचाही श्वास वीस लिहिला. घरी पोचेपर्यंत तिच्या मनात एक वकील उभा राहिला होता. वय अडुसष्ट, दोन्ही फुप्फुसं भरलेली. वाचली असती कशावरून? कदाचित नसतीच. पण दीड ते चार चाळीस म्हणजे तीन तास दहा मिनिटं होतात. मधल्या दोन वर्षांत तिने अशा दोघींना ऑक्सिजन वाढवून, आयसीयूत हलवून वाचवलं होतं, आणि त्याला तीन तासही लागले नव्हते. वकील गप्प झाला. लाज मात्र गेली नाही. वाढलेलं ताट तिने तसंच परत सरकवलं.

सोमवारी तिने फाइल अरुंधती मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. फक्त घड्याळाचं सांगितलं नाही, तोंडातून निघालंच नाही. मॅडमनी चष्मा काढून पुसला. बाई वाईट नव्हत्या. पहिल्या वर्षी धनश्रीला डेंग्यू झाला तेव्हा घरून डबा पाठवणाऱ्या त्याच. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे बघ, मृत्यू झालेल्यांच्या फायली वगळून टाक. वगळण्याचे निकष असतात ना? त्यात एक ओळ घाल."

"आणि वीसचं काय, मॅडम? बाकीच्या सगळ्यांत वीसच आहे."

"शेवटी चर्चेच्या प्रकरणात एक वाक्य. नोंदींच्या दर्जात सुधारणेस वाव आहे. अगं, आमच्या वेळीही आम्ही वीसच लिहायचो." मग थोडं थांबून, "परीक्षेला दोन महिने राहिलेत. थिसिसवर माझी सही लागते, ती मी अडवणार नाही. पण उद्या कोणी हे बाहेर नेलं, कोर्टात नेलं, तर तुझी डिग्री, तुझं रजिस्ट्रेशन, सगळं टांगणीला लागेल. तुझ्या एकटीचं नाही, सगळ्या युनिटचं. तुझे वडील काय करतात?"

"गार्ड आहेत. आधी हातमाग होता."

"मग विचार कर."

धनश्रीने विचार केला. पाच-सात क्षण केला, कारण करण्यासारखा तो फार नव्हताच. "मी वगळणार नाही, मॅडम," ती म्हणाली. आवाज थोडा चिरका आला, ते तिला आवडलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, नीट. "वगळणार नाही. विषयच बदलते. तक्ता भरला की नाही हे नाही; मोजून भरला की नाही." मॅडमनी फाइल तिच्याकडे सरकवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पुढचे आठ दिवस ती हट्टाला पेटल्यासारखी राबली. रोज सकाळी वॉर्डात जाऊन, नाडी धरल्याचं सोंग करून (श्वास मोजतोय असं पेशंटला कळलं की तो बदलतो), पुरं एक मिनिट छातीकडे बघत तिने शंभर जणांचा श्वास मोजला. अठरा, सव्वीस, बावीस, सोळा, चौतीस, अठ्ठावीस. वीस म्हणाल तर सहा जणांचा भरला. चौतीसवाल्या पार्वतीबाईला तिने स्वतः ढकलगाडीवर घालून आयसीयूत नेलं. माणसं किती वेगवेगळी श्वास घेतात, याचं तिला भल्लं नवल वाटलं आणि नवल वाटल्याचीही लाज वाटली.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑडिट मीटिंग. हॉल भरलेला, एसी जेमतेम, पुढे विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी अरुंधती मॅडम. धनश्रीने आकडे दाखवले आणि मग पडद्यावर भीमाबाईचा तक्ता आणला, नाव झाकून. चार चाळीसला मृत्यू, सहाला श्वास वीस. हॉलमध्ये हशा पिकला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "ही सही माझी आहे." हसणं थांबलं, तिला वाटलं, आता. आता काहीतरी कोसळेल. पण प्रमुख मान हलवत हसले. "अरे बाबा, यह तो सबकी कहानी है! आपण सगळेच त्यातले. गुड वर्क. पुढे चला." मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना तिच्याच बॅचचा वैभव खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मानलं बे तुले! काय हिंमत आहे!" आणि मीटिंगचा निर्णय म्हणून तक्त्यात एक नवा रकाना छापून आला: श्वास पूर्ण मिनिटभर मोजला, होय किंवा नाही. सोमवारी साडेअकराला ती वॉर्डात गेली तर पहिल्या वर्षाची श्वेता टेबलावर फायली ओढून बसली होती. दोनचं, सहाचं, रात्री दहाचं, सगळीकडे 'होय' लिहून तयार. "ताई, काहून अशा पाहून राहिल्या?" श्वेताने निरागसपणे विचारलं. धनश्रीने तिला हाताला धरून उठवलं, पहिल्या खाटेपाशी उभं केलं आणि म्हणाली, "मोज. मी बी मोजते. मग दुसरीकडे जाऊ." सगळ्या खाटा दोघींनी केल्या. दुपारचे दोन वाजले, श्वेता चिडली, जेवण बुडालं, पण केल्या. दुसऱ्या दिवशीही केल्या.

तरी लाज जाईना. उलट त्या टाळ्या आठवल्या की अंगावर काटा यायचा. तिने घरी सांगितलं. आई, वच्छलाबाई, एवढंच म्हणाली, "पोरी, परीक्षा होऊ दे ना वं आधी." बाप खाटेवर बसून बूट काढत होता. मारोतराव बोलायचे कमी. तीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला एका जागी गप्प राहायची सवय असते. बूट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "त्या बाईच्या पोरीले माहीत आहे का हे?"

"नाही."

"मंग कोणाले सांगतलं तू?"

"सगळ्यांना, बाबा. अख्ख्या हॉलले सांगतलं."

"ते तं तुमचेच लोकं आहेत," मारोतराव म्हणाले आणि हातपाय धुवायला उठून गेले. धनश्रीला राग आला. मोठ्ठा राग आला. एवढं सगळं करून पुन्हा शून्यावर आणून ठेवलं म्हणून. रागाच्या भरातच तिने फाइल उघडली आणि नातेवाइकाच्या नावापुढचा नंबर फिरवला. माया, नातं मुलगी. "मी दवाखान्यातून बोलते, डॉक्टर धनश्री. तुमच्या आईबद्दल सांगायचं आहे, भेटून." पलीकडून तिचं नाव पुन्हा विचारलं गेलं. मग, "रविवारी घरीच असते. या."

मौद्याची बस सकाळची. वीजघराच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागल्या आणि धनश्रीने पिशवीतला कागद पुन्हा चाचपला. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि शेजारी भीमाबाईचा फोटो. असा होता तर चेहरा. रुंद, हसरा, कपाळ मोठं. मायाने पाणी दिलं, समोर बसली. धनश्रीने ठरवलं होतं की आधी निमोनियाचं सांगू, मग गर्दीचं, मग हळूहळू. त्यातलं काही झालं नाही. "त्या दिवशी मी तुमच्या आईचा श्वास मोजलाच नव्हता," ती म्हणाली. "दोनचं मी अकरालाच लिहून ठेवलं होतं. सहाचंही. तुम्ही सांगितलं तेव्हा दीडच वाजला होता. तुमचं घड्याळ बरोबर होतं. मी खोटं बोलले."

माया रडली नाही.  "मी ते घड्याळ दुरुस्तीले नेलं होतं," ती म्हणाली. "तो म्हणे, यात काहीच बिघाड नाही. तरी मी ते घातलं नाही पुन्हा. मामा आहे माझा, मायचा भाऊ. त्यानं सगळ्या पावण्याइत सांगतलं का पोरगी नोकरीच्या नादात उशिरा गेली, वेळेवर डॉक्टरले सांगतलं नाही. दोन वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. आन् मी काय म्हणू? मलेच वाटे, घड्याळ मागं होतं तं उशीर झालाच असंन. डॉक्टर कायले खोटं बोलंन?"

 धनश्रीने कागद आणला होता, सगळं लिहून, सही करून, खाली रजिस्ट्रेशन नंबर घालून. तो तिने पुढे केला. "हे ठेवा. तक्रार करायची तर करा. मी नाकारणार नाही."

मायाने कागद वाचला. सावकाश, दोनदा. मग घडी घालून परत दिला. "कागदं तं तुमच्याइकडे लय राहतात, मॅडम. कागदावर वीस होता न तवाबी." तिचा आवाज आता बदलला होता, कडक झाला होता. "पुढच्या रविवारी माय गेल्याले दोन वर्षं होतात, तिचं पुण्यानुमोदन आहे. विहारात. सगळे येतीन, मामा बी येईन. वंदना झाली का लोकं दोन-दोन शब्द बोलतात मायबद्दल. तुमी या अन् तिथं सांगा. तुमच्या तोंडानं."

"किती माणसं असतील?" धनश्रीच्या तोंडून गेलं.

"शंभर, सव्वाशे. अन् मोबाइल सगळ्याइपाशी आहेत. कोणी रेकॉर्डिंग केली तं मी नाही म्हणणार नाही." माया उठली. "मी आधी कोणाले सांगून ठेवत नाही. नाही आल्या तं नाही आल्या."

परतीच्या बसमध्ये धनश्रीने सगळं पाहून घेतलं, एकेक करून. मोबाइलवरची चित्रफीत, अरुंधती मॅडमचा चेहरा, नोटीस, जूनची परीक्षा, बाबांचे बूट. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं?  सोमवारी मॅडमना तिने स्वतःच जाऊन सांगितलं की मी मौद्याला बोलणार आहे. मॅडम म्हणाल्या, "मग थिसिस आजच आण. आज सही करते. पुढच्या सोमवारी मला करता येईल की नाही, मला माहीत नाही." ती सही घेतानाही धनश्रीचं ठरलेलं हललं नाही.

विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर दाटीने बसली होती. पंखे वारा कमी आणि आवाज जास्त करत होते. वंदना झाली, खीर वाटायची तयारी मागे चालू होती. एका शेजारणीने भीमाबाई कशी भांडायची आणि भांडून झालं की कशी भाजी आणून द्यायची ते सांगितलं, लोक हसले, काहींनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत एक उंच म्हातारा काठी मांडीवर आडवी ठेवून बसला होता. त्याने मायाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मायाने माइक हातात घेतला, "दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या आहेत," एवढंच म्हणाली आणि माइक धनश्रीच्या हातात देऊन बाजूला झाली. कुजबुज झाली. दोन-तीन मोबाइल वर आले. धनश्रीने बोलायच्या आधी मनात पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. उरलं होतं ते एकच वाक्य, आणि ते तिने त्या म्हाताऱ्याकडे बघत, माइक दोन्ही हातांनी धरून म्हटलं.

"मामा, मायाताईंनी मला वेळेवर सांगितलं होतं."

म्हाताऱ्याने काठी मांडीवरून खाली ठेवली. मग मान वळवून, दोन वर्षांत पहिल्यांदा, तो भाचीकडे बघत राहिला, आणि धनश्री पुढचं सांगू लागली.